खिशातलं १० एक्स भिंग: फवारणीआधी सहा पाय मोजणारं औजार

डाळिंबाच्या कोवळ्या शेंड्यावर काहीतरी हलतंय, एवढं नुसत्या डोळ्याला दिसतं. ते थ्रिप्स (फुलकिडे) आहेत की माईट (कोळी), हे कळत नाही, आणि औषध मात्र त्यावरच ठरतं. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला, पंढरपूर, मोहोळकडच्या बागांत या प्रश्नाचं जागच्या जागी उत्तर देणारं सगळ्यात स्वस्त औजार म्हणजे १० एक्सचं, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं, दुमडतं भिंग. आमचं मत आधीच सांगतो: ज्याच्याकडे फवारणी पंप आहे, त्याच्या खिशात हे भिंग असलंच पाहिजे. पण बाजारात या नावाखाली मिळणारं प्रत्येक भिंग घेण्यासारखं नसतं, म्हणून हे परीक्षण.

वस्तू साधी आहे. साधारण २० मिलिमीटर व्यासाची काच, धातूच्या खोळीत फिरवून बंद होणारी. सराफांचं आणि घड्याळ दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानांत, प्रयोगशाळेचं साहित्य ठेवणाऱ्यांकडे आणि ऑनलाइन मिळते. यात मुख्य दोन प्रकार. एक म्हणजे एकाच काचेचं स्वस्त भिंग, आणि दुसरं तीन काचा एकमेकींना चिकटवून केलेलं, ज्याला विक्रेते ‘ट्रिपलेट’ म्हणतात. एकेरी काचेत मधला भाग ठीक दिसतो, कडेला चित्र वाकतं आणि वस्तूभोवती निळी-पिवळी किनार दिसते. तिहेरी काचेत कडेपर्यंत चित्र सरळ आणि स्वच्छ राहतं. माईटच्या पाठीवरचे काळे ठिपके बघायचे असतील, तर त्या रंगीत किनारीचा फार त्रास होतो.

स्वस्त भिंगांत सगळ्यात मोठी गडबड असते ती आकड्याची. खोळीवर ‘३० एक्स २१ एमएम’ असं ठळक छापलेलं असतं, आणि आत असते दहापटीच्या आसपासची, कधीकधी त्याहूनही कमी ताकदीची काच. हे दुकानातच तपासता येतं. भिंग कागदावर धरा, समोरच्या खिडकीची किंवा लांबच्या ट्यूबलाइटची उलटी प्रतिमा कागदावर स्पष्ट उमटेपर्यंत वरखाली करा आणि काचेपासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. २५० ला त्या मिलिमीटरच्या आकड्यानं भागा. अंतर २५ मिलिमीटर आलं तर भिंग १० एक्सचं, १२ ते १३ आलं तर २० एक्सचं. खरं ३० एक्स असेल तर हे अंतर जेमतेम ८ मिलिमीटर भरेल, आणि २१ मिलिमीटर रुंदीच्या एकाच काचेत एवढी ताकद चांगल्या चित्रासकट बसवता येत नाही. म्हणजे आकडा फसवा असला तरी आतली काच कामाची असू शकते. फक्त १० एक्सच्या भिंगाला ३० एक्सचे पैसे देऊ नयेत.

दुसरी तपासणी आलेख कागदाची. मिलिमीटरच्या रेघा भिंगातून बघा. कडेच्या रेघा कमानीसारख्या वाकत असतील, तर ती काच एकेरी किंवा हलकी. तिसरी तपासणी फिरकीच्या स्क्रूची. उघडलेली काच आपल्या वजनानं हलत असेल तर हातातल्या थोड्याशा थरथरीनंही चित्र निसटतं. स्क्रू आवळता येणारा असावा, रिबिट मारलेला नको.

आता धरण्याची पद्धत, कारण बहुतेक जण इथेच चुकतात आणि भिंगाला नावं ठेवतात. भिंग पानापाशी धरून आपण लांबून बघायचं नसतं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, चष्मा असेल तर चष्म्याला, आणि पान हळूहळू जवळ आणायचं. काचेपासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर चित्र स्पष्ट होतं. भिंग धरलेला हात गालाला टेकवा आणि पान धरलेल्या हाताची बोटं भिंगाच्या हाताला टेकवा. दोन्ही हात एकत्र हलले की चित्र स्थिर राहतं. दुसरा डोळा मिटू नका, थोड्या सवयीनं तो आपोआप दुर्लक्ष करतो आणि डोकं दुखत नाही. उजेड कुशीकडून पानावर पडला पाहिजे. सूर्याकडे पाठ करून उभं राहिलात तर आपल्याच डोक्याची सावली पानावर येते. भिंगातून सूर्याकडे बघण्याचा विचारही करू नये.

एवढं जमलं की खरं काम सुरू होतं, आणि त्यासाठी कीटक कशाला म्हणायचं हे पक्कं माहीत हवं. पिकाचं नुकसान करणाऱ्या कोणत्याही जीवाला आपण कीड म्हणतो. त्यात माईट येतो, गोगलगाय येते, सूत्रकृमीही येतो. कीटक हा मात्र प्राण्यांमधला ठरावीक बांधणीचा गट आहे. संधिपाद, म्हणजे सांध्यांचे पाय असलेल्या, प्राण्यांमधला हा सगळ्यात मोठा वर्ग, आजवर नाव मिळालेल्या त्याच्या जातीच सुमारे १० लाख आहेत. प्रौढ कीटकाचं शरीर तीन भागांचं असतं: डोकं, छाती, पोट. डोक्यावर मिशांची म्हणजे स्पर्शिकांची एक जोडी. छातीवर पायांच्या तीन जोड्या, एकूण सहा. पंख असतील तर तेही छातीवरच. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांत पंख फक्त कीटकांनाच आहेत, त्यामुळे पंख दिसले की पुढचा वाद मिटला.

माईट, म्हणजे कोळी, या गटात येत नाही. तो जाळं विणणारा कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या कुळातला. प्रौढाला आठ पाय, मिशा नाहीत, पंख नाहीत, आणि डोकं-छाती-पोट असे वेगळे भाग दिसत नाहीत. सगळं शरीर एकच गोलसर पिशवी.

दहापट भिंगाखाली हा फरक कसा दिसतो ते सांगतो. थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, साधारण एक मिलिमीटर लांब असतात. भिंगात ते सेंटिमीटरभर दिसतात. शरीर लांबट, मागचं टोक निमुळतं, डोक्यावर दोन मिशा स्पष्ट. प्रौढाच्या पाठीवर मिटलेले अरुंद पंख असतात आणि पंखांच्या कडांना केसांची झालर असते. पिल्लं पिवळसर, बिनपंखी, पण आकार तसाच लांबट. लाल कोळी किंवा दोन ठिपक्यांचा कोळी अर्धा मिलिमीटरही भरत नाही, भिंगात चार-पाच मिलिमीटरचा दिसतो. आकार अंडाकृती, चाल संथ, आणि बरोबर तीन खुणा हमखास सापडतात: गोल, काचेसारखी चकाकणारी अंडी, टाकलेल्या कातीचे पांढरे तुकडे, प्रादुर्भाव वाढला असेल तर बारीक जाळी. पाय आठ आहेत हे १० एक्सखाली मोजता येतं, पण त्याला चांगला उजेड आणि शांत बसलेला माईट लागतो. घाईत असाल तर मिशा शोधा. मिशा आणि लांबट शरीर म्हणजे थ्रिप्स. मिशा नाहीत आणि शरीर गोल म्हणजे माईट.

एक फसगत इथे ठरलेली आहे. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या माईटच्या पिल्लाला सहाच पाय असतात. चौथी जोडी कात टाकल्यावर येते. गोचिडाचंही तसंच. म्हणून एकच जीव बघून निकाल देऊ नका. पांढरा कागद शेंड्याखाली धरा, फांदी तीन-चार वेळा टपटप आपटा, आणि कागदावर पडलेले पाच-दहा जीव भिंगाखाली बघा. बागेच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली झाडं घेतली तर चित्र खरं मिळतं. फक्त बांधाकडची झाडं बघितली तर धुळीच्या रस्त्यालगतचे माईट जास्त दिसतील, कारण धूळ आणि कोरडी उष्ण हवा त्यांना मानवते. डाळिंबाच्या आंबे बहारात सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दोन्ही असतातच.

आता हे सगळं पैशात कसं उतरतं? इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही औषधं रस शोषणाऱ्या कीटकांवर चालतात, माईटवर चालत नाहीत. सायपरमेथ्रिन किंवा लॅम्डा सायहॅलोथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं वारंवार मारली तर माईटला खाणारे मित्रजीव मरतात आणि माईट उलट वाढतो. दुसरीकडे प्रोपरगाईट, हेक्सिथायझॉक्स ही खास कोळीनाशकं. थ्रिप्सवर ती मारणं म्हणजे पाणी मारणं. अबामेक्टिनसारखी काही औषधं दोन्ही बाजूंना चालतात, पण म्हणून प्रत्येक वेळी तेच मारलं तर प्रतिकारशक्ती तयार होते. शिवाय १९६८ च्या कीटकनाशके अधिनियमाखाली बुरशीनाशकं आणि तणनाशकंही येतात, त्यामुळे दुकानाच्या परवान्यावर किंवा बिलावर ‘कीटकनाशक’ लिहिलंय म्हणून बाटली कीटकांचीच असं समजू नये. लेबलवर कोणत्या पिकातल्या कोणत्या किडीसाठी शिफारस आहे ते वाचा, आणि आपल्या झाडावर तीच कीड आहे का हे भिंगानं बघा. फळ निर्यातीला जाणार असेल तर नको ते औषध मारल्याचा अवशेष अहवालात दिसतो, आणि तो नंतर पुसता येत नाही.

भिंगाची दुसरी मोठी कमाई म्हणजे मित्रकीटकांचे जीव वाचतात. माव्याच्या वसाहतीत फिरणारी काळपट-करडी, नारिंगी ठिपक्यांची, सहा पायांची लांबट अळी बघून अनेक जण फवारणी काढतात; ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी असते आणि मावा तिचंच खाणं. केसासारख्या देठावर उभी असलेली बारीक अंडी क्रायसोपा या मित्रकीटकाची. माव्यातच एखादी पाय नसलेली, चपटी, हिरवट अळी सरकताना दिसली तर ती सिरफिड माशीची. तीही मावाच खाते. आणि फुगलेला, तपकिरी, कडक झालेला मावा, ज्याच्या पाठीवर गोल भोक आहे, तो परोपजीवी गांधीलमाशीनं आतून संपवलेला. असे मावे बऱ्याच संख्येनं दिसत असतील तर थांबणं फायद्याचं. माईटच्या बाबतीतही मित्र असतात: भक्षक माईट फिकट, चकचकीत, नासपतीच्या आकाराचा आणि फार चपळ असतो. पीक खाणारा माईट संथ, त्याला खाणारा पळता. ही चाल १० एक्समध्ये नीट कळते, पायांचा हिशेब न करताही.

मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकणासाठी तर भिंगाशिवाय वेळ साधता येत नाही. मादीला पंख नसतात आणि अंगावर मेणाचा पांढरा थर असतो, त्यामुळे औषध अंगाला लागत नाही. टाचणीनं मेण बाजूला करून तिला उलटी केली की सहा पाय दिसतात. पण बघायचं ते तिला नव्हे. अंड्यांच्या कापसासारख्या पिशवीभोवती फिरणारी पिवळसर-गुलाबी बारीक पिल्लं शोधा. त्यांच्या अंगावर मेण नीट जमलेलं नसतं, आणि फवारणी लागू पडते ती त्याच दिवसांत.

अळ्यांमध्ये पायांचा हिशेब वेगळा आहे, आणि गोंधळही बराच. पतंगाच्या अळीला दहा ते सोळा पाय दिसतात म्हणून ती कीटक नव्हे असं नाही. छातीवरचे तीन जोड्या टोकदार, सांध्यांचे पाय तेवढे खरे. पोटाखालचे जाड मांसल पाय खोटे, जास्तीत जास्त पाच जोड्या, आणि त्यांच्या तळाला बारीक आकड्यांची रांग असते जी मोठ्या अळीत भिंगाखाली दिसते. अळीच्या कुशीला दिसणारी ठिपक्यांची ओळ म्हणजे श्वासरंध्रं. २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा आढळलेली आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातही पोहोचलेली अमेरिकन लष्करी अळी मक्यावर ओळखायची असेल, तर डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडच्या शेवटून दुसऱ्या वलयावर चौकोनात चार ठिपके बघा. मोठी अळी नुसत्या डोळ्यानंही ओळखता येते. लहान अळीला, जेव्हा उपाय खरोखर लागू पडतो तेव्हा, भिंग लागतं. याउलट माशीच्या अळीला पायच नसतात. रब्बी ज्वारीत पोंगेमर करणारी, म्हणजे रोपाचा मधला पोंगा वाळवणारी, खोडमाशी ही खरी माशी: प्रौढाला दोनच पंख. पांढऱ्या माशीला चार पंख आणि रस शोषणारी सोंड असते, त्यामुळे ती माशी नसून मावा-मिलीबगच्या गोतावळ्यातली आहे.

भिंगाच्या मर्यादा मोकळेपणी सांगायला हव्यात. एरिओफाइड माईट फक्त ०.२ मिलिमीटरच्या आसपास, लांबुळका, आणि त्याला चारच पाय. १० एक्समध्ये तो जेमतेम रेघेएवढा दिसतो. सूत्रकृमी दिसत नाही, मुळांवरच्या गाठी डोळ्यालाच दिसतात. तेल्या हा डाळिंबावरचा जिवाणूचा रोग. डाग कितीही न्याहाळले तरी तिथे कीटक सापडणार नाही. पण फळावरचे डाग वेगळे करायला भिंग मदत करतं: थ्रिप्सनं खरवडलेली साल करडी-तपकिरी, कोरडी, खरबरीत दिसते, तेल्याचा डाग काळपट, पुढे त्याला भेगा पडतात. खोडावर टाचणीएवढी भोकं आणि भुसा दिसला तर तिथे भुंगेरा आहे, आणि तो मर रोगाची बुरशी वाहू शकतो. त्या वेळी भिंगात रमू नका, झाडाचं मूळ आणि खोड चिरून आतला रंग बघा.

बाकीची साधनं थोडक्यात. २० एक्सचं भिंग अंतर १२-१३ मिलिमीटरवर आणतं. नाक पानाला टेकतं आणि उजेड अडतो. पाय मोजायला छान, पण पहिलं भिंग म्हणून नको. दिवा असलेलं ६० एक्सचं खिशातलं सूक्ष्मदर्शक एरिओफाइडसाठी उपयोगी आहे, मात्र दिसणारा भाग काही मिलिमीटरचाच असतो आणि जिवंत माईट त्यातून क्षणात निसटतो. पान तोडून पुठ्ठ्यावर चिकटपट्टीनं बसवलं तरच काम होतं. मोबाइलच्या क्लिप लेन्सचा उपयोग फोटो पाठवण्यापुरता, आणि त्यात ती चांगली आहे. तीन कॅमेऱ्यांच्या फोनवर नेमका कोणता कॅमेरा चालू आहे ते बघून लेन्स बसवा, नाहीतर चित्राचा कोपरा काळा येतो. निळे-पिवळे चिकट सापळे भिंगाची जागा घेत नाहीत. निळ्यावर थ्रिप्स, पिवळ्यावर पांढरी माशी आणि पंख असलेला मावा येतो. माईटला पंखच नाहीत, त्यामुळे सापळा स्वच्छ असला तरी पानं माईटनं भरलेली असू शकतात. सापळ्यावर काय चिकटलंय हे वाचायलाही शेवटी भिंगच लागतं.

जपणूक सोपी आहे, पण चुकली तर काच महिन्याभरात धूसर होते. धूळ आधी फुंकून काढा आणि मगच मऊ सुती कापडानं पुसा; धुळीसकट पुसलं तर ओरखडे पडतात. औषधाचे हात लागले तर साबणाच्या पाण्याचा थेंब आणि ओलं कापड पुरतं. उघडं भिंग उन्हात किंवा दुचाकीच्या टाकीवर ठेवू नका, ते उन्हानं कागद पेटवू शकतं. गळ्यात अडकवायला लाल किंवा नारिंगी दोरी बांधा. काळ्या दोरीचं भिंग काळ्या रानात पडलं की सापडत नाही.

खरेदीचा सल्ला असा. बागायतदारानं एक तिहेरी १० एक्स घ्यावं, ते वर्षानुवर्षं टिकतं. मजुरांना आणि फवारणी करणाऱ्यांना एकेरी काचेची स्वस्त भिंगं द्यावीत, वर सांगितलेली अंतराची तपासणी करून. प्लास्टिकची काच शाळेतल्या मुलांसाठी ठीक, रानासाठी नाही. दिव्याचं भिंग घ्यायचं तर बटण-सेल सहज बदलता येतो का ते बघा. पण दिवसा बागेत त्या दिव्याची गरज पडत नाही.

आणि भिंगानंही ओळख पटली नाही, तर केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आणि मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र जवळच आहेत. नमुना मात्र नीट न्या. थ्रिप्स, मावा, माईट ओल्या बारीक ब्रशनं उचलून ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाका. अळी आधी गरम पाण्यात क्षणभर बुडवा, मग अल्कोहोलमध्ये ठेवा, म्हणजे काळी पडत नाही. भुंगेरा कोरडा, कापसात. बाटलीच्या आत कागदाची चिठ्ठी टाका आणि ती पेन्सिलीनं लिहा, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते: गाव, पीक, झाडाचा कोणता भाग, तारीख, आणि शेवटची फवारणी कशाची.